उतार म्हणजे आराम नव्हे भावा

तू विचारलंयस, ‘कोल्हापूर ते वैभववाडी सायकलनं, गगनबावडा आणि करूळ घाटातनं, एका दिवसात जमेल का? तसा सगळा उतारच आहे.’ जमेल की. पण ‘सगळा उतार’ हे डोक्यातनं काढ. घाट सुरू होतो गगनबावड्यानंतर आणि तिथं पोचायलाच पंचावन्न किलोमीटर पायडल मारायचं आहे. फुलेवाडी, बालिंगा, कळे, साळवण असा रस्ता. मोठा चढ नाही, पण बारके चढउतार पाय हळूहळू खातात. पहाटे पाचला निघ. उसाचा हंगाम असेल तर दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरपासनं लांबच राहा, कितीतरी जणांना मागं दिवाच नसतो. तुझ्या मागचा लाल दिवा मात्र पाहिजेच.

गगनबावड्यात पोटभर खाऊन घे आणि अर्धा तास बस. थकलेल्या हातानं घाट उतरू नये. पुढं रस्ता फुटतो: उजवीकडं भुईबावडा घाटानं खारेपाटणला, डावीकडं करूळ घाटानं वैभववाडीला. तुझा डावीकडचा.

आता मुद्द्याचं, ब्रेक. सायकल, सामान आणि तू मिळून शंभर किलो धर. दर शंभर मीटर खाली उतरलास की जेवढी उष्णता तयार होते, तेवढ्यात पाव लिटर पाणी उकळेल. त्यातली थोडी वारा नेतो, बाकीची जाते रिममध्ये (चाकाच्या धातूच्या कडीत), नाहीतर डिस्क ब्रेक असेल तर त्याच्या चकतीत. ब्रेक सारखा घासत उतरलास तर गार व्हायला सवडच मिळत नाही. माझं पहिल्या वेळी हेच झालं. घाबरून मागचा ब्रेक आवळून धरला होता. निम्म्या घाटात रबर जळल्याचा वास आला, थांबून रिमला बोट लावलं तर चटका बसला. दोन मिनिटांत मागचा टायर बसला. ट्यूब काढली तर सोल्यूशननं चिकटवलेलं जुनं ठिगळ कागदासारखं उचकटलं होतं. तेव्हापासनं घाटाला ठिगळाची ट्यूब घालत नाही. नवी घालतो, जुनी पिशवीत ठेवतो.

वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात पण थोडाच वेळ दाब, वेग उतरला की सोड. वळणात शिरल्यावर दाबू नकोस. पुढचा ब्रेकच जास्त थांबवतो, त्याला भिऊन चालत नाही, फक्त खडीवर आणि ओल्या पानांवर तो हलक्या हातानं. बूड सीटवर जरा मागं सरकव. दर दोन-तीन किलोमीटरला थांब. रिमसाठी तर थांबायचंच, पण बोटांसाठीही. लिव्हर दाबून दाबून मूठ एवढी आखडते की ऐन वळणाला बोटं ऐकत नाहीत. पाय दुखणार हे माहीत असतं, बोटांचं कोणी सांगत नाही. थांबलास की खाऊची पिशवी हँडलला उघडी लटकवू नकोस, माकडांना लांबनं कळतं.

पावसाळ्यात पहिल्यांदाच जात असशील तर नको. कोल्हापूर जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस गगनबावड्याला, वर धुकं, आणि ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो. नोव्हेंबर ते जानेवारी बरा. पहाटे अंगात जाकीट लागतं, खाली कोकणात उतरलास की तेच नको होतं. तेव्हा ते चटकन बांधता येईल असं कॅरिअरला इलॅस्टिक ठेव.

परतीचं आधी ठरव. वैभववाडीला कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, पण ती गाडी तुला कोल्हापूरला आणणार नाही. एसटीनं यायचं असेल तर डेपोत आधी जाऊन सायकल घेतात का विचार. काही गाड्यांना टपावर कॅरिअरच नसतं, मग कंडक्टर तरी काय करणार? संध्याकाळी तोच घाट चढून यायचा विचार तर पहिल्या खेपेला करूच नकोस.

आणि ब्रेक शू, म्हणजे रिमवर घासणारी रबरं, बदलणार असशील तर निघायच्या आदल्या रात्री नको, आठवडाभर आधी बदल. नवे शू रिमवर बसायला वेळ घेतात. पन्हाळ्याला एक फेरी मार, वाघबीळपर्यंत उतरताना कळेल कुठला बाजूला घासतोय ते.