पिस्तुलावर बंदुकीपेक्षा जास्त निर्बंध असावेत का?

असावेत. आणि आपल्याकडे ते थोडेफार आहेतही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात संरक्षणासाठी किंवा खेळासाठी २० इंचांहून आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना मागणं तुलनेनं सोपं. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर हवं तर 'सबळ कारण' दाखवावं लागतं. ९ मिमी गोळीचं पिस्तूल तर सामान्य माणसाला जवळजवळ वर्ज्यच.

कारण साधं आहे: लपवता येणं. मी ग्वाल्हेरचा, तिथल्या लष्कर नावाच्या भागात वाढलो. इकडे वरातीत काका-मामा खांद्यावर दुनाली, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, अडकवून येतात. ती दिसते, म्हणून पोरांना चार हात लांब उभं करता येतं. कमरेला शर्टाखाली खोचलेलं रिव्हॉल्व्हर मात्र बाहेर आल्यावरच कळतं. गांधीजींवर झाडलेलं बेरेटा पिस्तूलही आमच्याच गावातून मिळवलेलं, हे इथला मराठी माणूस मोठ्यानं बोलत नाही.

अर्थात दुनालीही काही साधी नाही. लग्नात निष्काळजीपणे हवेत बार काढला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शस्त्रंही तीनऐवजी दोनच ठेवता येतात.

राहिला देशी कट्टा, म्हणजे बेकायदा बनवलेलं गावठी पिस्तूल. त्याचा मालक परवान्याच्या रांगेत उभाच राहत नाही, तिथे पोलिसांचे छापेच हवेत.