हप्ता परवडतो, पण कर्ज परवडतं का?

घर दुरुस्तीला काढून त्यासाठी कर्ज घेताय, तर आधी हप्त्यावरची नजर हटवा. हप्ता लहान करणं सोपं असतं, मुदत वाढवली की झालं. १२ टक्के दराने घेतलेल्या १०० रुपयांवर ५ वर्षांत साधारण ३३ रुपये व्याज जातं, तर १० वर्षांत ७२. हप्ता जेमतेम एक तृतीयांशाने उतरला, व्याज मात्र दुपटीच्या वर गेलं! आणि भिंतींचा रंग तोवर एकदा तरी उडालेला असणार.

दुसरं, दर ‘फ्लॅट’ आहे की घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावर, हे तोंडावर विचारा. फ्लॅटमध्ये तुम्ही मुद्दल फेडत आलात तरी व्याज मूळ रकमेवरच लागत राहतं. ५ वर्षांसाठीचा ८ टक्के फ्लॅट दर म्हणजे घटत्या शिलकीवरचा जवळपास १४ टक्के. ऐकायला ८ किती गोड वाटतं, नाही?

प्रक्रिया शुल्क बऱ्याचदा आधीच कापून घेतात. हातात पडतात ९८, व्याज भरता १०० वर. विमा कर्जातच घातला असेल तर त्याच्यावरही व्याज. म्हणून मी एकच हिशोब करतो: हातात किती येणार आणि शेवटपर्यंत एकूण किती जाणार. मुदतपूर्व फेडीचा दंडही विचारून ठेवा.

घर तारण ठेवलं की दर उतरतो, हे खरं. पण नुसत्या फरशीसाठी अख्खं घर गहाण टाकायला मी तरी धजावणार नाही. गळकं छप्पर असेल, तर गोष्ट वेगळी.