सगळ्यांनी एकत्र बसायची राइड कशी निवडली जाते?

वाचकांचे प्रश्न : थीम पार्क आणि कौटुंबिक राइड

थीम पार्कमध्ये नवी राइड कशाच्या आधारावर घेतली जाते, याबद्दल आलेल्या पत्रांमधले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : नव्या मोठ्या राइडसाठी मुद्दाम गेलो होतो. मोठा मुलगा बसला, पण सहा वर्षांच्या मुलीला उंची मोजायच्या पट्टीजवळूनच परत पाठवलं. तिकीट मात्र सगळ्यांचं घेतलं होतं. पार्कवाले अशा राइड का आणतात? (पुणे)

उत्तर : जाहिरातीच्या फलकावर झळकेल अशी एक राइड प्रत्येक पार्कला लागते. २०१३ साली सुरू झालेल्या खोपोलीच्या इमॅजिकाची ओळख जशी नायट्रो या रोलर कोस्टरने झाली, तसं. पण तशी एक असली की काम भागतं. दुसरी आणि तिसरीही तशीच घेतली की तुमच्यासारखी कुटुंबं दारातच दुभंगतात. निम्मी रांगेत, निम्मी बाकावर.

उंचीचा हिशेब मांडून पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सर्वसाधारण मुलीची उंची तिसऱ्या वर्षी साधारण ९५ सेंटिमीटर, पाचव्या वर्षी १०९, सहाव्या वर्षी ११५ आणि सातव्या वर्षी १२१ आहे. १४० गाठायला दहा वर्षं उलटून जातात. म्हणजे पट्टीवर १२० असेल तर तुमच्या मुलीला एक वर्ष थांबायचं आहे, १४० असेल तर चार वर्षांहून जास्त, आणि १०० असेल तर ती केव्हाच आत बसली असती. आपल्याकडची बरीच मुलं या सरासरीपेक्षा थोडी बुटकी असतात, त्यामुळे प्रत्यक्षात वाट आणखी लांबते.

जाणते पार्कवाले राइड पाहायला निघण्याआधी आपल्या सगळ्या राइड या पट्टीवर मांडतात. ९५ च्या खाली किती, ९५ ते १२० साठी किती, १२० च्या वर किती. बहुतेक ठिकाणी दोन्ही टोकं भरलेली असतात. इकडे मेरी-गो-राउंड आणि छोटी आगगाडी, तिकडे उलटंपालटं करणारे कोस्टर, आणि मधला भाग मोकळा. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या हॉलिडे वर्ल्ड पार्कचं उदाहरण घेण्यासारखं आहे. तिथले तिन्ही लाकडी कोस्टर ४८ इंचांचे, म्हणजे १२२ सेंटिमीटरचे. २०२४ साली त्यांनी गुड ग्रेव्ही नावाचा कोस्टर आणला तो ३८ इंचांचा, म्हणजे सुमारे ९७ सेंटिमीटरचा. वेकोमा या डच कंपनीचा हा कोस्टर गाडीला आधी पुढे नेतो आणि त्याच रुळावरून उलटी परत आणतो. कमी रूळ, कमी जागा, तरी राइड दुप्पट. चार वर्षांचं मूल आणि आजोबा एका गाडीत बसू शकतात आणि मोठ्या भावालाही ती पोरकट वाटत नाही. मधल्या मोकळ्या भागासाठी राइड निवडायची ती अशी.

प्रश्न : उंचीच का बघतात, वय का नाही? मुलाला मी मांडीवर घट्ट धरून बसले तर काय बिघडतं? (नाशिक)

उत्तर : मांडीवर घेऊन बसणं हा सगळ्यांत मोठा धोका आहे. तसं कुणी बसू देत असेल तर त्या राइडवर बसूच नका. झटक्याच्या क्षणी मुलाचं वजन हातांना पेलत नाही, आणि मागून मोठ्या माणसाचं अंग पुढे आलं की मूल दांडा आणि ते अंग यांच्यामध्ये चिरडतं.

आता उंचीबद्दल. कौटुंबिक कोस्टरमध्ये माणसाला धरून ठेवतो तो मांडीवरचा दांडा, लॅप बार. तो पोटावर नाही, मांडीच्या मुळाशी, कमरेच्या हाडांच्या पुढे टेकायला हवा. त्यासाठी पाठ सीटला टेकलेली असताना गुडघे सीटच्या काठावर वाकले पाहिजेत. मूल फार लहान असेल तर पाय सरळ पुढे येतात, ते टेकायला म्हणून खाली घसरतं आणि दांडा पोटावर येतो. हे सगळं शरीराच्या मापावर ठरतं. पाच वर्षांच्या दोन मुलांत दहा-बारा सेंटिमीटरचा फरक सहज असतो, म्हणून वय विचारून काही कळत नाही.

जुन्या राइडमध्ये दोघांना मिळून एकच लांब दांडा असतो. बाबांच्या मांडीला तो टेकला की तिथेच अडकतो, आणि शेजारच्या मुलाच्या मांडीवर वीतभर फट राहते. उतारावर अंग सीटवरून उचललं जातं तेव्हा ती फट घातक ठरते. म्हणून नवी राइड घेताना पहिला प्रश्न हा विचारायचा : दांडा प्रत्येकाला स्वतंत्र आहे का? कोणत्या झटक्याला कोणता दांडा आणि किती कुलपं हवीत, याचे नियम एएसटीएम एफ २२९१ या अमेरिकी आणि ईएन १३८१४ या युरोपीय मानकात दिलेले आहेत. कंपनी कोणतं मानक पाळते ते लेखी मागावं.

जत्रेतल्या राइडबद्दल एक गोष्ट प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावी. टोराटोरा, ब्रेक डान्स अशा गरगर फिरणाऱ्या राइडमध्ये सगळे बाहेरच्या बाजूला ढकलले जातात. मोठं माणूस बाहेरच्या बाजूला आणि मूल आतल्या बाजूला बसवा. उलटं बसलात तर तुमचं सगळं वजन मुलावर येतं.

प्रश्न : आमचं लहान वॉटर पार्क आहे. कोरड्या भागात दोन-तीन राइड घ्यायच्या आहेत. एजंट कॅटलॉग घेऊन येतात. सुरुवात कुठून करावी? (कोल्हापूर)

उत्तर : कॅटलॉग मिटून ठेवा आणि आधी दारावर मोजणी करा. प्रवेशद्वाराजवळच्या खांबावर ९०, १०५, १२० आणि १४० सेंटिमीटरला चार रंगांचे पट्टे मारा. एका माणसाने दिवसभर उभं राहून कुठल्या पट्ट्याखालून किती मुलं गेली याच्या खुणा कराव्यात. ही मोजणी रविवारी आणि सुट्टीतल्या दिवशी वेगळी, शाळांच्या सहलींच्या दिवशी वेगळी. हा भेद न केल्यामुळे बरेच जण फसतात. डिसेंबर-जानेवारीत सहलींची गर्दी असते, त्यातली बहुतेक मुलं १२० च्या वरची असतात आणि ती मोठमोठ्या राइड मागतात. ते ऐकून राइड घेतली की एप्रिल-मेमध्ये येणाऱ्या कुटुंबांना ती उपयोगाची नसते.

मग क्षमता. भर दुपारी आत किती माणसं असतात ते काढा. दर माणशी दर तासाला दीड ते दोन गोष्टी करायला मिळाव्यात, हा या धंद्यातला अंदाज. आत ३,००० माणसं असतील तर सगळं मिळून तासाला निदान ४,५०० जणांची सोय हवी. त्यात तलाव, कार्यक्रम, खाण्याची दुकानंही धरा. जितकं कमी पडेल तितक्या रांगा वाढणार.

कॅटलॉगमधला आकडा मात्र तसाच धरू नका. समजा, २० सीटची गाडी दर ७५ सेकंदांनी सुटते. तासाला ४८ फेऱ्या, ९६० माणसं. कागदावर छान. प्रत्यक्षात कुणाच्या चपला काढायच्या राहतात, कुणाची पर्स हातात असते, एखादं मूल ऐन वेळी रडायला लागतं, आणि ७५ चे १०० सेकंद होतात. फेऱ्या ३६, माणसं ७२०. त्यात सीट दोन-दोनच्या रांगेत आणि कुटुंब तिघांचं असलं की एक सीट रिकामी जाते. गाडी ८५ टक्के भरली तर तासाला ६१२ जण, म्हणजे कॅटलॉगच्या दोनतृतीयांशहूनही कमी. जत्रेतल्या कोलंबससारखी झुलत्या बोटीची राइड तीन मिनिटं चालते आणि तीन मिनिटं भरते. २४ सीट असतील तर तासाला २४०. अशा तीन घेऊनही एका कोस्टरची बरोबरी जेमतेम होते.

म्हणून राइड पसंत करण्याआधी ती जिथे चालू आहे तिथे रविवारी जा आणि घड्याळ लावून वीस फेऱ्या मोजा. गाडी सुटण्यापासून पुढची सुटेपर्यंतचा वेळ आणि रिकाम्या सीट, दोन्ही लिहा. तिथल्या ऑपरेटरला विचारा, राइड सगळ्यांत जास्त वेळा कशामुळे बंद पडते. कंपनीचा माणूस सांगणार नाही ते तो सांगतो.

चढायची आणि उतरायची बाजू वेगळी असलेला प्लॅटफॉर्म, चपला-पिशव्यांसाठी पलीकडच्या बाजूला खण, आणि रांगेच्या तोंडाशी “किती जण?” विचारून सीट वाटून देणारा एक माणूस, एवढ्याने पंधरा-वीस सेकंद वाचतात. मोठी पार्क यावर मुद्दाम खर्च करतात. नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंगने २०१९ मध्ये जुना बॉबस्ले कोस्टर बंद केला आणि त्या जागी २०२० मध्ये शेजारी-शेजारी दोन रूळ असलेला मॅक्स अँड मोरित्झ उभा केला. हा माक कंपनीचा कोस्टर आहे, मोटर गाडीतच आहे आणि चढावाला साखळी लागत नाही. दोन रूळ म्हणजे दोन गाड्या एकाच वेळी भरता येतात.

ऑर्डर देताना करारात या गोष्टी हव्यातच : पायाचे नकाशे तुमच्या मातीच्या तपासणीनंतर पक्के होतील. चाकं, सेन्सर, ब्रेकचे भाग यांचा दोन वर्षांचा साठा राइडबरोबरच येईल. कंपनीचा माणूस चाचणीला हजर राहील आणि पाण्याने भरलेल्या पुतळ्यांनी किंवा वाळूच्या पोत्यांनी सीट पूर्ण भरून फेऱ्या घेतल्या जातील. ऑपरेटरचं प्रशिक्षण तुमच्या माणसांना समजेल अशा भाषेत होईल. शेवटचा हप्ता चाचणी मंजूर झाल्यावरच द्या.

पावसाचाही विचार याच वेळी करा. मुसळधार पावसात आणि विजांच्या गडगडाटात उघड्यावरची राइड थांबवावीच लागते. तुमच्याकडे जून ते सप्टेंबर असाच जातो. तीनपैकी एक राइड तरी छपराखालची घ्या.

प्रश्न : आईच्या गुडघ्यांचं दुखणं आहे. पार्कमध्ये ती दिवसभर बाकावर बसून आमच्या पिशव्या सांभाळते. तिच्यासाठी काही असतं का? (ठाणे)

उत्तर : असायला हवं. कौटुंबिक म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक राइड इथेच नापास होतात. राइड हळू असते, पण आत बसायला दीड फूट उंच कठड्यावरून पाय टाकावा लागतो. आईला घेऊन जाण्याआधी तीन गोष्टी विचारा. प्लॅटफॉर्म आणि गाडीचा तळ एका पातळीत आहेत का? बसताना गाडी पूर्ण थांबते का? लिफ्ट किंवा उतार आहे, की जिने चढावे लागतात? बोटीच्या राइड दिसायला सौम्य, पण बोट हलत असते आणि पाऊल खाली टाकावं लागतं. तिथे मदतीला माणूस आहे का ते बघा.

डिस्नेलँडच्या हाँटेड मॅन्शनमध्ये १९६९ पासून डबे न थांबता साखळीसारखे येत राहतात, आणि माणूस त्याच वेगाच्या सरकत्या पट्ट्यावरून चढतो. तासाला दोन हजारांहून जास्त माणसं जातात. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी पट्टा हळू करतात किंवा थांबवतात. ते मागायला संकोच करू नका. इमॅजिकातल्या आय फॉर इंडियासारख्या उडत्या थिएटरमध्ये सीटवर बसल्या-बसल्या देशावरून उडाल्यासारखं वाटतं, त्यामुळे गुडघ्यांवर ताण येत नाही. चक्कर येण्याचा त्रास असेल तर मात्र तिथे डोळे मिटून घ्यावेत. पडदा नजरेआड झाला की मळमळ बरीच कमी होते.

प्रश्न : जगात पहिली म्हणून गाजणारी राइड आपल्याकडे का येत नाही? (नागपूर)

उत्तर : पहिल्या राइडचे दोष पहिल्याच गिऱ्हाइकाला भोगावे लागतात. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या डॉलीवुडने २०१६ साली लाइटनिंग रॉड हा लाकडी कोस्टर आणला. साखळीऐवजी चुंबकीय जोराने गाडीला चढावर फेकणारा तो पहिला लाकडी कोस्टर होता. तो वारंवार बंद पडत राहिला. शेवटी ती यंत्रणा काढून २०२४ च्या हंगामासाठी साखळीच बसवली. याच पार्कने २०२३ मध्ये बिग बेअर माउंटन घेतला. बाराशे मीटरहून लांब, वेग ताशी ७७ किलोमीटर, कुठेही उलटं होत नाही, किमान उंची ३९ इंच, म्हणजे ९९ सेंटिमीटर. यातही गाडीला तीन ठिकाणी जोराने पुढे फेकतात, पण पोलादी रुळावर ते तंत्र तोवर चांगलं मुरलेलं होतं. सुटे भाग समुद्रापलीकडून यायचे असतील तर मुरलेल्या यंत्रणेचीच राइड घ्यावी, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : वॉटर पार्कमध्ये नायलॉनच्या कपड्यांची सक्ती आणि राइडवर ओढणी काढायला सांगणं, हा नुसता त्रास देण्याचा प्रकार नाही का? (सातारा)

उत्तर : नाही. सुती कपड्यांचे धागे आणि रंग पाण्यात सुटतात, गाळणीत अडकतात आणि पाणी गढूळ होतं. शिवाय ओला सुती कपडा जड होऊन घसरगुंडीच्या सांध्यांना घासतो आणि माणूस मध्येच अडकतो. मागून दुसरा येऊन आदळतो तो असा.

ओढणी, साडीचा पदर आणि मोकळे लांब केस चाकात किंवा फिरत्या दांड्यात गुंतले की ओढले जातात आणि मानेला फास बसतो. गो-कार्टमध्ये हा धोका सगळ्यांत जास्त, कारण मागचा फिरता आस डोक्यापासून हातभरच दूर असतो. केसांचा अंबाडा घालून हेल्मेटच्या आत घ्या, पदर कमरेला खोचून वर पिन लावा, आणि ओढणी गळ्याभोवती गुंडाळण्याऐवजी पिशवीतच ठेवा.