मुलगा नऊ वर्षांचा आहे, अभ्यासात फार मागे आहे. शाळा बौद्धिक अक्षमतेचं स्क्रीनिंग करा म्हणते. करावं का? घरचे म्हणतात, शिक्का बसेल.

करा. 'शिक्का बसेल' हेच पालुपद माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी काकांनी लावलं होतं, म्हणून लिहितेय.

बहीण बोलायला चटपटीत. पाहुण्यांसमोर अख्खी कविता घडाघडा म्हणायची, त्यामुळे कुणाला शंकाच येत नसे. पण 'टॉवेलची घडी घाल आणि वरच्या कप्प्यात ठेव' म्हटलं की घडी घालून हातात धरून तशीच उभी. घड्याळ कळायचं नाही, सुट्टे किती परत यायला हवेत ते उमगायचं नाही. काकांचं एकच, 'आळशी आहे, मोठी झाली की सुधारेल.' वर्गात बोलणी, घरी धपाटे. चाचणी झाली तेव्हा ती आठवीत होती. सौम्य बौद्धिक अक्षमता. बौद्धिक अक्षमता असलेली बहुतेक मुलं याच सौम्य गटातली असतात आणि चेहऱ्यावरून, बोलण्यावरून काही कळत नसल्याने तीच निसटतात.

त्यानंतर धपाटे थांबले. एका वेळी एकच काम सांगायचं, तेही करून दाखवून, असं ठरलं आणि ती शिकू लागली. 'मठ्ठ' आणि 'आळशी' हे शिक्के तर कुठलीही चाचणी न करता बसलेच होते, हे मी काकांना आजही ऐकवते.

स्क्रीनिंग म्हणजे निदान नव्हे. थोडेसे प्रश्न असतात, त्यावरून पूर्ण तपासणी हवी की नको एवढंच ठरतं. निदानाला बुद्ध्यंक साधारण ७० किंवा त्याखाली आणि रोजच्या व्यवहारातही अडचण, दोन्ही लागतं. नुसता आकडा दाखवून कुणी निदान केलं तर मान्य करू नका. २०१३च्या डीएसएम-५पासून (मानसोपचारतज्ज्ञ निदानासाठी वापरतात ती अमेरिकी नियमावली) सौम्य की तीव्र हेसुद्धा आकड्यावर नाही, रोजच्या जगण्यात किती मदत लागते त्यावर ठरतं.

हो, अभ्यासात मागे म्हणजे अक्षमताच असं मुळीच नाही. आधी कान आणि डोळे तपासून घ्या. डिस्लेक्सियाही असू शकतो, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन अवघड जाणं. चाचणी मुलगा घरी जी भाषा बोलतो तिच्यातच व्हायला हवी, नाहीतर गुण उगाच कमी दिसतात.

कोणती चाचणी ते मानसशास्त्रज्ञ ठरवतील. जाताना शिक्क्याची भीती घालणाऱ्यांनाही सोबत न्या. आंघोळ, कपडे, पैसे, रस्ता ओलांडणं, मुलाला यातलं काय एकट्याने जमतं हे तिथे घरच्यांनाच विचारतात. त्यांनाही उत्तरं देऊ द्या.