वाचकांचे प्रश्न : च्वानचौचा एक दिवस

प्रश्न : आम्ही चौघे नोव्हेंबरात चीनमध्ये श्यामनला जाणार आहोत. तिथून च्वानचौचं काययुआन बौद्ध मंदिर आणि जुन्या गल्ल्या एका दिवसात होतील का? दोघे शाकाहारी आहेत.
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : होतील. वेगवान गाडीने अर्धा-पाऊण तासाचा प्रवास आहे. पासपोर्टवरच तिकीट निघतं, तेव्हा तो हॉटेलात ठेवून निघू नका.

काययुआन 686 सालचं. बहुतेक जण समोरून मुख्य सभामंडप आणि दोन दगडी मनोरे पाहून परततात, आणि इथेच चुकतं. मंडपाला वळसा घालून मागच्या पडवीत जा. तिथले दोन सोळा-पैलू खांब मोडलेल्या हिंदू मंदिरातून आणून बसवलेले आहेत. त्यांवर नरसिंह आहे, कृष्ण आहे. च्वानचौ हे तमिळ व्यापाऱ्यांचंही बंदर होतं. मंडपाच्या पुढच्या चौथऱ्यावरचे माणसाच्या तोंडाचे सिंहही त्याच जातीचे. मनोरे तेराव्या शतकातले. त्यांवरची शिल्पं उंचावर असल्याने दुर्बीण न्या. पश्चिमेकडच्या मनोऱ्याच्या चौथ्या मजल्यावर एक वानर शोधा : तो ह्युएन त्संगचा सोबती मानतात. उंबरठ्यावर पाय देऊ नका, ओलांडा. गाभाऱ्यात फोटो टाळा.

मंदिर शी च्ये या रस्त्यावरच आहे. मुख्य रस्त्यावर गर्दी फार, म्हणून बाजूच्या गल्ल्यांत शिरा. फुटक्या लाल विटा आणि दगड एकत्र रचलेल्या भिंती तिथेच दिसतील. जवळच्या चुंगशान रस्त्याला दुकानांपुढे सलग पडवी आहे. पाऊस आला तरी चालणं थांबत नाही.

दुपार मात्र शहराबाहेरच्या लोयांग पुलासाठी राखा आणि ओहोटीची वेळ आधी बघा. हा पूल 1053 ते 1059 मध्ये नदीच्या मुखाशी बांधला. तळाशी दगडांची रुंद रास ओतून त्यावर खांब चढवले, आणि दगड सुटू नयेत म्हणून त्यांवर कालवं वाढवली. खडकाला धरलेलं कालव सुटता सुटत नाही, हे वेंगुर्लेकरांना काय सांगायचं! भरतीत यातलं काहीच दिसत नाही. ओहोटी रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते, अमावास्या-पौर्णिमेला जास्त खोल जाते. आपलं भरती-ओहोटीचं कोष्टक तिथे लागू नाही, तिथलंच पाहा. तिकिटाच्या ॲपमध्ये नुसतं ‘लोयांग’ शोधलंत तर हेनान प्रांतातलं दूरचं शहर समोर येईल.

शाकाहाराला चिनीत ‘सू’ म्हणतात. पण नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही : भाजीच्या रश्शातही सुकी कोलंबी किंवा हाडांचं पाणी असू शकतं. बौद्ध शाकाहारी खानावळ शोधा, तिथे कांदा-लसूणही नसतो. बाकीच्या दोघांनी कालवं, अंडं आणि रताळ्याच्या पिठाचं घावन सोडू नये.

प्रश्न : चीनमध्ये रोख चालते का?
— एक वाचक, दापोली

उत्तर : चालते, पण सुट्या पैशांची पंचाईत होते. अलीपे या तिथल्या मोबाइलवरून पैसे देण्याच्या ॲपला व्हिसा किंवा मास्टरकार्ड इथूनच जोडा, ओटीपी आपल्या सिमवर येतो. आधी बँकेकडून परदेशी व्यवहार सुरू करून घ्या, नाहीतर कार्ड जोडूनही पैसे जाणार नाहीत. एका वेळी 200 युआनपेक्षा मोठ्या बिलावर 3 टक्के शुल्क लागतं.