डबलपाशी थांबलेली घोडी

प्रश्न : ताई, मी सोळा वर्षांची आहे, पाच वर्षं रायडिंग करते. गेल्या महिन्यात शो जम्पिंगच्या स्पर्धेत माझी घोडी डबलच्या, म्हणजे लागोपाठच्या दोन अडथळ्यांच्या, दुसऱ्या जम्पपाशी दोनदा थांबली आणि मी बाद झाले. घंटा वाजली तेव्हा सगळे माझ्याकडेच बघत होते. तेव्हापासून सरावातही डबल समोर आला की माझे हात घट्ट होतात. बाबा म्हणतात, घोडी बदलू. मला ती सोडवत नाही, पण विश्वासही उरला नाही. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : इतक्यात बदलू नका. हे उत्तर बाबांनाही वाचायला दे.

घोडा अडथळ्यापुढे थांबला की तो नकार; पहिल्या नकाराला 4 दंडगुण, दुसऱ्याला बाद, हा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. भलेभले त्यात सापडतात.

आता घोडीबद्दल. माझी एक घोडी सरावात अशीच अडू लागली होती. हट्ट करतेय समजून मी तिला तीन फटके मारले. चौथ्या दिवशी ती लंगडायला लागली. नालबंदाने पुढच्या डाव्या पायाचा नाल काढला, तर खुरात पू झाला होता. उडी मारून उतरताना भार त्याच पायावर यायचा. ते तीन फटके मला आजही आठवतात. म्हणून आधी पशुवैद्यांकडून तिची पाठ, पाय, दात तपासून घे. सॅडलखाली हात घालून बघ, खांद्यापाशी चिमटते का.

सगळं ठीक निघालं, तर अंतर मोज. एका स्ट्राइडच्या, म्हणजे मध्ये घोड्याची एकच ढांग बसते अशा, डबलमध्ये साधारण 24 फूट असतात : उतरायला 6, स्ट्राइडला 12, पुन्हा उडायला 6. घोडी लहान चणीची असेल किंवा पहिल्या जम्पवर मंदावली असेल, तर दुसरा लांब पडतो. मग थांबण्यात तिचा शहाणपणाच असतो. हात घट्ट होतात असं तू लिहिलंस ना, खरी गाठ तिथे आहे. लगाम आवळला की तिची स्ट्राइड आणखी आखूड होते, ती थांबते, तू आणखी आवळतेस.

दोन आठवडे तिच्यावर उडी नकोच. जमिनीवर पोल मांडून कॅन्टर (मध्यम दौड) कर, लगाम सैल ठेवून, नजर पुढच्या झाडावर. मग पहिल्या जम्पच्या जागी छोटा क्रॉस (फुलीसारखे लावलेले दोन पोल), दुसऱ्याच्या जागी नुसता पोल. तो ती सहज ओलांडू लागली की दुसरा क्रॉस. अंतर सुरुवातीला 20–21 फूटच ठेव. इतक्या कमी उंचीला तेवढं पुरतं. वेळ लागेल, लागू दे.

भारताचा घोडेस्वार फवाद मिर्झा याने 2018च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सिन्यूर मेडिकॉट या घोड्यावर दोन रौप्यपदकं जिंकली. पुढे तो घोडा दुखापतीमुळे बराच काळ बाहेर होता. फवादने ऑलिम्पिकची पात्रता दुसऱ्या घोड्यांवर मिळवली, पण 2021 साली टोकियोत उतरला तो मेडिकॉटवरच, आणि तेविसावा आला. तुझ्या घोडीलाही एवढी सवड दे. तोवर क्लबमधल्या दुसऱ्या एखाद्या अनुभवी घोड्यावर डबल मारत राहा, म्हणजे तुझे हात सुटतील.

आणि उद्या तबेल्यात गेलीस की घोडीची निगा राखणाऱ्या साईसदादांना विचार, स्पर्धेच्या आदल्या रात्री ती दाणा नीट खात होती का. ते तुझ्यापेक्षा जास्त वेळ तिच्याजवळ असतात.