ब्लाउजसाठी ताणणारं रेशीम विणून घ्यायचंय?

ताई, तुम्ही विचारलंय की पुण्यातल्या तुमच्या बुटीकसाठी, ब्लाउज आणि फिटिंगच्या कुर्त्यांना अंगासोबत ताणलं जाणारं अस्सल रेशीम विणून घ्यायचंय, तर लायक्रा किती टक्के टाकू? टक्का नंतर ठरवू. आधी दोन आकडे लागतात: कापड किती ताणलं पाहिजे आणि सोडल्यावर किती परत आलं पाहिजे. रेशमाचं घोडं दुसऱ्या आकड्यापाशी पेंड खातं.

तुतीच्या रेशमाचा धागा तुटेपर्यंत १५ ते २५ टक्के लांबतो, म्हणजे अगदी कमी नाही. पण पहिल्या दोनेक टक्क्यांपलीकडे ओढला की पूर्ण परत येत नाही. घट्ट कुर्त्याला कोपरापाशी फुगवटा येतो आणि इस्त्रीशिवाय जात नाही, तो यामुळेच. टसर आणखी लांबतो, पण परतण्याची बोंब तिथेही आहेच. तेव्हा कापडाला मागे खेचणारं काहीतरी वेगळं द्यावं लागतं.

लायक्रा हे इलास्टेनचं, म्हणजे रबरासारख्या ताणणाऱ्या कृत्रिम धाग्याचं, एका कंपनीचं नाव. ड्यूपाँट कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स यांनी हा धागा १९५८ साली शोधला. तो मूळ लांबीच्या पाच-सात पट ताणला जातो. तो उघडा विणत नाहीत. ताणलेल्या अवस्थेत त्यावर रेशीम गुंडाळतात आणि हा कव्हर्ड धागा फक्त बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत घालतात, ताणा (उभे धागे) साध्या रेशमाचाच. २० डेनिअरचं (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) इलास्टेन तिप्पट ताणलं की जेमतेम ७ डेनिअरचं उरतं, म्हणून सबंध कापडात ते ५-६ टक्क्यांच्या आसपासच भरतं. तुमच्या टक्क्याचं उत्तर हे. त्याहून जास्त घातलंत तर रेशमाची सळसळ जाऊन कापड हाताला स्विमिंग कॉस्च्युमसारखं लागेल.

खरी कसोटी मागावर नाही, प्रोसेसिंगमध्ये आहे. कच्च्या रेशमात वजनाच्या २० ते ३० टक्के सेरिसिन, म्हणजे डिंक असतो. तो आहे तोवर कापड ताठ. साबणाच्या गरम पाण्यात डिंक निघाला की आत दबलेलं इलास्टेन मोकळं होतं आणि कापड आडवं आटतं. मागावर ६० इंच पन्हा ठेवलात तर हातात ४५-४८ इंच येईल असं धरून भाव काढा. सुती लायक्रा कापड १८०-१९५ अंश सेल्सिअसवर हीट-सेट करून, म्हणजे ताणून तापवून, पन्हा पक्का करतात. प्रोसेसवाले सवयीने तुमचं रेशीमही त्याच स्टेंटरवर (कापड ताणून तापवणाऱ्या मशीनवर) चढवतील. चढवू देऊ नका, इतक्या उष्णतेत रेशीम पिवळं पडतं. एकतर कमी तापमानाला सेट होणारं इलास्टेन मागा, नाहीतर कापड वाफेवर मोकळं आटू द्या आणि जो पन्हा येईल तो स्वीकारा. क्लोरीनचं ब्लीच कुठल्याच टप्प्यावर नको, ते रेशीम आणि इलास्टेन दोन्ही खातं.

पण ब्लाउजसाठी मी यात पडणार नाही. मी धाग्याच्या पिळाकडे जाईन. क्रेपच्या, म्हणजे बारीक सुरकुत्यांच्या कापडाच्या, बाण्याला मीटरमागे २००० ते ३००० पीळ देतात, दोन धागे उजव्या पिळाचे, दोन डाव्या. विणण्याआधी वाफ देऊन पीळ बसवायचा, नाहीतर धागा गुंता होऊन मागावर चढतच नाही. डिंक काढला की पीळ उलगडायला बघतो, कापड बारीक सुरकुततं आणि आडवा ताण मिळतो. हालचालीत पाठीची त्वचा साधारण १३ ते १६ टक्के लांबते, कोपर-गुडघ्याची ३५ ते ४५. ब्लाउजची बाही बहुतेकदा कोपराच्या वरच संपते, मग १५ टक्क्यांत काम भागतं. शिवाय लेबलवर शंभर टक्के रेशीम लिहिता येतं. चुडीदार किंवा पँट करायची असेल तर मात्र इलास्टेनला पर्याय नाही.

सिल्क जर्सी, म्हणजे होजिअरीसारखी विणलेली, सगळ्यात जास्त ताणते. आतल्या कपड्यांना उत्तम. ब्लाउजला नको, एक फास निघाला की खालपर्यंत शिडीसारखं उसवत जातं. कॅल्शियम नायट्रेटच्या तीव्र द्रावणात रेशीम आटवायचीही पद्धत आहे. जरा वेळ चुकली की कापडाची ताकद जाते, छोट्या ऑर्डरला ती झेपत नाही.

मागावर पैसे घालण्याआधी लक्ष्मी रोडवरून साधं क्रेप आणून एक ब्लाउज उरेब, म्हणजे तिरकं, कापून बघा. १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये फॅशन डिझायनर मादलेन व्हिओने यांनी याच कापावर नाव कमावलं. कापड जास्त लागतं, खर्च तरी कपड्यापुरताच. खरेदी करताना सावध राहा: दुकानात ‘स्ट्रेच सिल्क’ म्हणून दाखवतात ते बऱ्याचदा पॉलिएस्टर असतं. एक धागा जाळा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरडते. पॉलिएस्टरचा कडक मणी होतो.

नमुना आला की बाण्याच्या दिशेने ५ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा, तिच्यावर २० सेंटिमीटरची खूण करा, अर्धा तास एक किलो वजन लटकवा. वजन काढून तासाभराने मोजा. खूण २०.६ च्या वर राहिली तर मी तो नमुना परत पाठवतो. हीच पट्टी एकदा धुऊन ओलीच पुन्हा लटकवा, कारण ओलं रेशीम जास्त लांबतं आणि इथल्या मे महिन्यात ब्लाउज घामाने ओला होणारच.

कापड किती वजनाचं हवंय ते लिहा, बाण्याच्या डेनिअरचा हिशेब मांडून देतो.